नक्खासच्या बाजारातली भातुकली

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर निम्म्यांना मनातल्या मनात हसते. पिंपळाखाली बाई दिसते ती पांढऱ्याच साडीत का, तिला दुसरी साडी कुणी घेऊन देत नाही का... असलं काहीतरी माझ्या डोक्यात येतं. माझा या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आमच्या घरात तर विश्वास नसणं ही नुसती सवय नव्हती, तो आमचा धर्म होता. आम्ही बौद्ध. माझ्या सासऱ्यांनी नागपुरात दीक्षा घेतली तेव्हापासून घरात देव नाही, नवस नाही, श्राद्ध नाही, पिंड नाही. भूतबित असा शब्द कुणी काढला तर आमचे हे चष्मा काढून अशा नजरेने बघायचे की समोरचा मुकाट विषय बदलायचा.

हे जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांनी मला कधी बंधन घातलं नव्हतं, पण ते असताना हे लिहायला माझा हात धजावला नसता. आता लिहिते. कुणाला हसायचं असेल त्याने हसावं, मीही हसलेच असते.

गोष्ट लखनौची, सत्तरचं दशक संपून ऐंशी उजाडतानाची. हे एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होते आणि बदली होऊन आम्ही नागपूरहून तिकडे गेलो. कॉलनी होती चिनहटला, फैजाबाद रोडवर. तेव्हा चिनहट म्हणजे शहराबाहेर. थोडे कारखाने, आमची क्वार्टर्स आणि मागे आंब्याच्या बागा. आम्ही गेलो ते ट्रंका आणि एक होल्डॉल घेऊन. बाकी सगळा संसार मी उभा केला तो नक्खासच्या बाजारातून.

चौकाजवळ नक्खास म्हणून भाग आहे. तिथे रविवारी रस्त्याच्या कडेला चादरी अंथरून जुना बाजार भरायचा. कढया, कुलपं, कंदील, दांडी तुटलेले कप, पिंजऱ्यातले पोपट... काय नव्हतं तिथे! बड्या घरांच्या वाटण्या व्हायच्या आणि त्यांची पितळी भांडी शेवटी या चादरींवर यायची. कैसरबागपर्यंत बस, पुढे रिक्षा, असं करून आम्ही दर रविवारी जायचो. भाव करण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. एक म्हातारे बडे मियाँ होते, ते मला बघितलं की आधीच हात जोडायचे — "बहनजी, आज सामान छोड़िए, हमें ही ले जाइए। उससे सस्ते में छूटेंगे।" आणि आमचे हे चार पावलं लांब उभे राहून, ही बाई आपल्या ओळखीचीच नाही असा चेहरा करायचे.

बाजाराच्या टोकाला रोपंवाले बसायचे. त्यांच्याकडे सकाळी गेलं तर महाग. पण दुपार टळली, रोपांनी माना टाकल्या की ते परत नेण्यापेक्षा जवळजवळ फुकट द्यायचे. मी नेमकी तेव्हाच जायचे. घरी आणून गळक्या बादलीत, फुटक्या किटलीत लावायचे आणि आठवड्यात ती रोपं उभी राहायची. गेंदा म्हणजे झेंडू, गुलदाऊदी म्हणजे आपली शेवंती, बेला म्हणजे मोगरा. क्वार्टरपुढची तेवढी जागा बघायला कॉलनीतल्या बायका मुद्दाम यायच्या. हे म्हणायचे, "ज्या दिवशी तू दुकानातून नवी कोरी वस्तू आणशील ना, त्या दिवशी मी रजा टाकून घरी बसीन."

आमची एकुलती एक मुलगी संघमित्रा. मितू. तेव्हा सहा वर्षांची. आम्ही मराठीत बोलायचो, ती हिंदीत उत्तर द्यायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपूरला तिच्या आत्याकडे तिने पितळेची भातुकली पाहिली आणि परत आल्यावर तोच धोशा लावला. लखनौमध्ये कुठे मिळणार आपली भातुकली? दुकानात विचारलं तर प्लास्टिकचा डॉक्टर सेट दाखवायचे.

मग मी नक्खासला शोधायला लागले. तिकडच्या जुन्या घरांत पितळी पानदान असायचं, त्यात काथ-चुन्यासाठी इवल्या इवल्या वाट्या. पानदान मोडलं की त्या वाट्या सुट्ट्या विकायला यायच्या. त्यातल्या दोन मितूच्या पातेल्या झाल्या. चुना काढायची तिथलीच चिमुकली चमची तिची पळी झाली. कुठल्याशा अत्तरदाणीखालची तबकडी तिचं ताट झालं, आणि एक अंगठ्याएवढी लोटी मिळाली ती मूळची कशाची होती ते मला अजून माहीत नाही. सगळ्याला कल्हईवाल्याकडून कल्हई करून घेतली. पोरीने ते एका टोपलीत भरलं आणि ती टोपली तिच्या खाटेखाली गेली. दिवसातून कितीदा बाहेर यायची याला हिशेब नाही. बापाला कारखान्यातून आल्या आल्या विटेच्या चुऱ्याची भाजी जेवावी लागे.

माझ्या लग्नातल्या भांड्यांवर नावं घातलेली होती. तिने त्यांवर बोट फिरवून फिरवून काय लिहिलंय ते विचारलं आणि हट्ट धरला, "बाबा, मेरे बर्तन पे भी नाम डालो." आता हा माणूस कागदावर केसाएवढी बारीक रेघ ओढणारा, पण खिळा आणि हातोडी घेऊन बसला आणि घाम फुटला त्याला! पूर्ण नाव काही मावेना. शेवटी प्रत्येक भांड्याच्या बुडाला ठिपक्या-ठिपक्यांनी एकेक 'मि' काढला. सगळे वाकडे. धाकट्या पातेलीला तर खिळा आरपार गेला आणि ती गळायला लागली. मला वाटलं आता भोकाड पसरेल. पण ही बया पातेली उचलून माझ्याकडे धावत आली. "आई, देखो ना, रो रही है!" मी पोळ्या करत होते. तिने माझ्या परातीतली कणीक चिमटीने घेतली आणि भोकावर थापली. तेव्हापासून तिचा स्वयंपाक सुरू व्हायचा तो आधी पातेलीला कणीक लावून.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता तिला ताप आला. मेंदूज्वर, तिकडे दिमागी बुखार म्हणतात. मुलं पटापट जातात त्यात, हे आम्ही नुसतं ऐकून होतो. डॉक्टरांनी केलं नाही असं नाही. पण ती गेली. दवाखान्यात आम्ही तिघं गेलो होतो आणि परत दोघंच आलो. याहून जास्त मला अजूनही लिहिता येत नाही, माफ करा.

आमच्यात लहान मुलाला पुरतात. आंब्याच्या बागेच्या कडेला एक पडीक जागा होती, कॉलनीतली गेलेली मुलं तिथेच ठेवायचे. हे आणि कारखान्यातले लोक तिला घेऊन गेले. मला बायकांनी घरात धरून ठेवलं होतं. नंतरही मी त्या जागी गेले नाही. जाववेना.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या खाटेखाली हात घातला तर टोपली नाही. घरभर शोधली. हे बाहेरच्या खुर्चीवर बसून होते. विचारलं तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "कबाडीवाल्याला दिली."

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणतात.

"वस्तू धरून बसशील तर दुःख धरून बसशील," ते म्हणाले. "एवढं वाचतो, ऐकतो, ते काय फक्त दुसऱ्याच्या घरासाठी?"

त्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. इतकंच सांगते की त्यानंतर आमच्यातलं बोलणं जेवायला वाढलंय आणि पाणी आलंय एवढ्यावर आलं. मला राग होता. पोर गेली याचा राग कुणावर काढायचा हे कळत नव्हतं, पण टोपली कुणी दिली हे माहीत होतं.

आणि मी ठरवलं की मी ती भातुकली परत आणणार. कबाडी म्हणजे भंगारवाला, त्याचा माल शेवटी नक्खासलाच. आज ना उद्या ती तिथे कुठल्यातरी चादरीवर येणारच. तिचा हात लागलेलं दुसरं काहीच राहिलं नव्हतं. कपडे तापामुळे टाकून दिलेले, पुस्तकं अजून सुरूच व्हायची होती... माझ्या जगण्याला तेव्हा एवढंच कारण होतं, रविवार.

आता मी एकटीच जायचे. हे कधी येतो म्हणाले नाहीत आणि जाऊ नको असंही म्हणाले नाहीत. मी चादरीमागून चादर बघत जायचे, कशाचा भाव विचारायचे नाही. बडे मियाँ बेचैन व्हायचे. "बहनजी, कुछ तो कहिए। महँगा ही कह दीजिए।" त्यांना काय सांगणार?

पहिली सापडली ती लोटी. थंडी सुरू झाली होती. बडे मियाँच्याच चादरीवर, गंजलेल्या कुलपांच्या ढिगात. मी उलटी केली... वाकडा 'मि'. मी भाव न करता त्यांनी जे मागितलं ते दिलं तर म्हातारा घाबरलाच. मी विचारलं, कुठून आली? ते म्हणाले, "कबाड़ में आई है, बेटा। कबाड़ का भी कोई पता होता है?"

घरी आणून मी ती यांच्यासमोर ठेवली. मनात म्हटलं, बघा, तुम्ही टाकलंत आणि मी आणलं. यांनी ती हातात घेतली, बूड बघितलं, आणि तोंडावरचा रंगच उतरला. "ही ती नाही," म्हणाले. "अशा हजार असतात."

"हजारांवर तुमच्या हातचा 'मि' असतो?"

यांनी लोटी खाली ठेवली, सायकल काढली आणि कुठेतरी निघून गेले. बऱ्याच वेळाने परत आले. मला वाटलं, काय हा दगड आहे, पोरीची वस्तू सहन होत नाही याला.

मग तबकडी मिळाली, जुन्या फ्रेमा विकणाऱ्याकडे. मग मोठी पातेली — ती तर रोपंवाल्यांच्या रांगेत! एका माणसाने तिच्यात माती घालून गेंद्याचं रोप लावलं होतं. म्हणाला, बरतन मुफ़्त, पौधे के पैसे दीजिए. दर वेळी वेगळा माणूस, वेगळी चादर. दर वेळी मी ती यांच्यासमोर ठेवायची, यांनी बूड बघायचं आणि सायकल काढायची. मला यात काहीच विचित्र वाटत नव्हतं, हे लक्षात घ्या. कबाडात गेलेली वस्तू बाजारात आली. साधी गोष्ट.

धाकटी पातेली मिळाली त्या दिवसापासून ती गोष्ट साधी राहिली नाही.

होळी होऊन गेली होती. लखनौचं ऊन म्हणजे ऐन दुपारी रस्त्यावर ओला टॉवेल झटकला तर हातातच सुकतो. जुने कपडे आणि भांडी विकणारी एक बाई भिंतीकडेला बसायची, सगळे तिला आपा म्हणत. तिच्या चादरीच्या कोपऱ्यात ती होती, उन्हात. मी उचलली तर पितळ हाताला चटका देत होतं. उलटी केली. 'मि' होता. आणि जिथे खिळा आरपार गेला होता तिथे कणीक लावलेली होती.

मी बोट लावलं. कणीक ओली होती.

ज्यांनी कधी कणीक मळली आहे त्यांना सांगायला नको. उघडी कणीक सावलीतसुद्धा धरते, वर साय येते, मग कडक होते. त्या उन्हात, त्या तापलेल्या पितळेवर ती क्षणभरही मऊ राहायची नाही. ही आत्ता परातीतून काढल्यासारखी होती. आणि तिच्यावर बोट दाबल्याचा ठसा होता. मी माझी करंगळी त्यावर धरून बघितली. ठसा करंगळीपेक्षा बारीक होता.

"आपा, इसमें आटा किसने लगाया?"

"कैसा आटा?" तिने डोकावून बघितलं आणि तिचाही चेहरा गोंधळला. "हमने तो नहीं लगाया, बहनजी। सुबह से यूँ ही धूप में पड़ी है। किसी ने हाथ भी नहीं लगाया।"

मी ती पदरात धरून घरी आले. रिक्षा, बस... काही आठवत नाही. हे जेवायचे थांबले होते. मी पातेली त्यांच्यासमोर ठेवली आणि पहिल्यांदाच एवढ्या दिवसांत सरळ त्यांच्याशी बोलले. "बोट लावून बघा."

त्यांनी लावलं. मग तो ठसा बघितला. आणि हा माणूस, ज्याला मी कधी सासऱ्यांच्या जाण्यावरसुद्धा रडताना पाहिलं नव्हतं, तो खुर्चीवरून घसरून खाली जमिनीवर बसला.

"कबाडीवाल्याला नाही दिली मी," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"तिच्याजवळ ठेवली. टोपलीसकट. माती लोटायच्या आधी सगळ्यांना म्हटलं, जरा बाजूला व्हा. अन् तिच्या हाताशी ठेवली."

मीही त्यांच्यासमोर खाली बसले.

"तिला तिथं करमणार नाही असं वाटलं गं," ते म्हणाले. "एकटी कशी राहीन ती? तिला तर दुपारी झोपसुद्धा येत नव्हती."

"मग मला खोटं काऊन सांगितलं?"

"काय सांगणार होतो? मी, अन् असं केलं म्हणून? लोकांच्या घरी जाऊन त्यांचे पिंड बंद करणारा मी..." त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "वरती तुझं मोगऱ्याचं एक रोप लावलं. ती आजारी पडायच्या आधी तू आणलं होतं ना, तेच. तू भांडं आणलं की दर वेळी मी तिथंच जाऊन येत होतो. म्हटलं, कुणी उकरलं की काय... पण माती तशीच आहे. दर वेळी तशीच."

माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. मी इतके महिने या माणसाला दगड समजत होते आणि तो सायकल मारत लेकीकडे जात होता. आम्ही दोघं त्या जमिनीवर बसून रडलो. ती गेल्यापासून एकत्र पहिल्यांदाच.

उन्हं कलल्यावर आम्ही निघालो. मी भांडी पिशवीत घेतली, यांनी खुरपी घेतली. मला तिथे न्यायला त्यांनी माझा हात धरला होता, कॉलनीतल्या लोकांसमोर, जे त्यांनी कधी केलं नव्हतं.

जागा मी पहिल्यांदाच बघत होते. आंब्याची सावली होती, बरी जागा होती. मोगरा गुडघ्यापर्यंत आला होता आणि कळ्यांनी भरला होता. कुणीतरी त्याला नेमाने पाणी घालत होतं, ते कोण हे आता मला माहीत होतं. त्याच्या आळ्याबाहेरची माती मी हाताने चाचपली. उन्हाने दगड झाली होती. मोगऱ्याची मुळं एका बाजूला वर दिसत होती, जाड, धरलेली. ही जमीन कुणी उकरली असती तर ते रोप असं राहिलं नसतं. रोपांचं मला कळतं, तेवढं तरी कळतं.

हे गुडघ्यावर बसले आणि त्यांनी खुरपी मातीला लावली. मी त्यांचं मनगट धरलं.

"बघू दे," ते म्हणाले. "टोपली खाली आहे की नाही, एवढं तरी कळेल. नाही तर मी आयुष्यभर विचार करत राहीन."

"नका उकरू."

"काऊन?"

तोपर्यंत मलाही माहीत नव्हतं काऊन. पण पिशवीतली भांडी माझ्या मांडीला लागत होती आणि ते एकदम माझ्या लक्षात आलं. बाजारात सापडली म्हणून मी खूश होत होते. पण ही जर तीच असतील, तिच्या हाताशी ठेवलेली... तर दर रविवारी मी जाऊन माझ्या लेकीचं एकेक भांडं काढून घेत होते. आधी लोटी, मग ताट. मग पातेली. ती तिथे खेळ मांडून बसली होती आणि तिची आई येऊन आवरून नेत होती.

मी हे यांना कसंबसं बोलून दाखवलं. हे म्हणाले, "नाही गं. तसं नाही. ती तुला देऊन राहिली होती. तू रडत होतीस म्हणून."

यावर आमचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. ते म्हणत ती देत होती, मी म्हणत होते मी घेत होते. म्हणजे बघा, भूत नाही, आत्मा नाही म्हणणारी दोन माणसं, आणि भांडत होती ती यावर.

मोगऱ्याला धक्का न लावता आम्ही त्याच्या शेजारी थोडी जागा खणली. मी भांडी एकेक करून ठेवली — लोटी, तबकडी, मोठी पातेली. धाकटी ठेवताना बघितलं, कणीक अजून मऊ होती. ती मी तशीच राहू दिली. माती लोटून झाल्यावर हे बराच वेळ हात झटकत उभे राहिले. मग हळूच विचारलं, "हे श्राद्ध झालं का गं?"

"नाही," मी म्हटलं. "हा खेळ आहे."

त्यांनी मान हलवली. पोरीसाठी घरी जी वंदना म्हणायचे ती म्हटली आणि आम्ही परत आलो.

नंतर मी नक्खासला जाणं सोडलं. बडे मियाँनी कुणाकडून तरी चौकशी केली होती म्हणे. कॉलनीत आम्ही पुढेही काही वर्षं होतो, मोगऱ्याकडे मात्र दोघंही जायचो. तिथली माती पुन्हा कधी हललेली दिसली नाही, आणि आम्हीही ती हलवली नाही. मला दुसरं मूल झालं नाही. ती भांडी बाजारात कशी आली, याच्या शक्यता यांनी खूप शोधल्या. कुणीतरी त्याच दिवशी टोपली काढली असेल, रोप नंतर नीट लावलं असेल. पण रोप यांनी स्वतः लावलं होतं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जाऊन पुन्हा बघितलं होतं. बरं, भांडी कुणीतरी काढली म्हणावं, तर कणकेचं काय? धाकट्या पातेलीला कणीक लावायची असते हे जगात तीन माणसांना माहीत होतं. त्यातली दोन त्या दिवशी बाजारात नव्हती, आणि तिसरी मी.

मला आजही उत्तर माहीत नाही. इथे कुणाला सुचलं तर सांगा, पण फार जोर लावू नका.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर यांची बदली परत नागपूरला झाली. सामान बांधायला जुन्या लाकडी पेट्या हव्या होत्या, आणि स्वस्त पेट्या कुठे मिळणार तर नक्खासला. शेवटच्या रविवारी आम्ही दोघं गेलो. गर्दी तशीच, चादरी तशाच. बडे मियाँ दिसले नाहीत, त्यांच्या जागी कुणी तरुण बसला होता. त्याच्या चादरीच्या कडेला, किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी ती पडली होती. मितूची पळी. तेवढीच एक राहिली होती.

उलटी करून बघायची गरज नव्हती. यांनीही बघितली. आम्ही दोघं तिथे उभे राहिलो आणि दोघांपैकी कुणीही वाकलं नाही.

तो तरुण म्हणाला, "ले जाइए बहनजी, कोई पूछता नहीं इसे। मुफ़्त ही समझिए।"

नक्खासला इतक्या वर्षांत मला कुणी काही असं पूर्ण फुकट देऊ केलं नव्हतं. यांनी माझ्याकडे बघितलं आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, "घेतेस?"

"नको," मी म्हटलं. "तिला वाढायला काहीतरी लागेल ना."

पेट्या न घेताच आम्ही घरी आलो.